चार नंबरचं बटण

मशीन आलं त्याच आठवड्यात आमचे अधीक्षक रुसले.

आमच्या शिक्षण संस्थेचं कार्यालय नळदुर्गला हायवेच्या कडेला, एका बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर आहे. खाली युरियाचा वास, वर आम्ही, आणि समोरून सोलापूर-हैदराबादचे ट्रक. जड ट्रक गेला की खिडकीच्या काचा थरथरतात आणि नवीन माणूस दचकतो. त्या अरुंद जिन्यानं चौघांनी धरून, मध्येच टेकवून, एकमेकांना शिव्या देत ते मशीन वर चढवलं. झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन सगळं एकातच. मुख्य म्हणजे कागद काचेवर ठेवायचा, पडद्यावरच्या नावावर बोट ठेवायचं, आणि कागदाचा फोटो त्या माणसाच्या ईमेलवर जाऊन पडायचा. सास्तूर, माकणीच्या शाळांना परिपत्रक द्यायचं तर आधी शिपायाला एसटीनं पाठवावं लागे, आणि तो संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा. आता बोट लावलं की काम झालं.

सोलापूरहून आलेल्या मेकॅनिकनं सगळ्यांची नावं आणि ईमेलचे पत्ते मशीनमध्ये भरले. याला अ‍ॅड्रेस बुक म्हणतात हे त्यानंच सांगितलं. चहा प्याला आणि गेला. मशीननं नावं लावली इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. शिपायाचं नाव ए पासून सुरू होतं, ते आलं सगळ्यात वर. संस्थेचे अध्यक्ष कुठंतरी मध्ये. आणि अधीक्षकांचं नाव पार तळाला, बघायचं तर पडदा बोटानं सरकवावा लागायचा.

अधीक्षकांना आम्ही सगळे मामा म्हणतो. मामा कुणाला काही बोलले नाहीत. फक्त त्यांनी मशीनला हात लावायचा सोडला. परिपत्रकं पुन्हा पाकिटात जाऊ लागली, शिपाई पुन्हा एसटीत बसू लागला. तोही बिचारा अवघडून गेला होता. आपलं नाव अध्यक्षांच्या डोक्यावर बसलंय म्हटल्यावर तो मशीनसमोरून जाताना मान खाली घालून जायचा. शेवटी मीच मामांना विचारलं, "काय झालं मामा, मशीन बिघडलंय का?"

"मशीन चांगलं हाय," मामा म्हणाले. "आमचं नाव तळाला हाय म्हणं. ऱ्हाऊ द्या. आमी तळालाच बरं."

मी मेकॅनिकला फोन केला. तो हसला. म्हणाला, मॅडम, मशीनला काय कळतंय. पण प्रत्येक नावाला नंबर देता येतो, नंबरानं लावा. त्यानं फोनवरच सांगितलं, मी कॉम्प्युटरवरून मशीनचं पान उघडलं आणि दुपारभर बसून मानाप्रमाणे नावं लावली. एक अध्यक्ष, दोन सचिव, तीन मामा, चार वरिष्ठ लिपिक, मग आम्ही हंगामी बायका, मग शिपाई. मुख्याध्यापकांची पंगत वेगळी बसवली, एकवीसपासून पुढं. तिथंही सास्तूरचे आधी का माकणीचे आधी यावरून दोन दिवस फोनाफोनी झाली, तेव्हा जी शाळा आधी निघाली तिचा नंबर आधी असं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतःच्या हातानं पहिलं स्कॅन केलं. तिसऱ्या बटणाकडं त्यांनी एकदाच बघितलं, पण नीट बघितलं.

शहरातल्या माणसाला हे हसण्यासारखं वाटेल. मला वाटलं नाही. मी मूळची सास्तूरची. भूकंपाच्या आधीच्या गावात पोळ्याला वेशीतून कुणाचे बैल कितवे निघायचे हे ठरलेलं होतं, आणि आमचे तिसरे निघायचे. भूकंपानंतर गाव नव्या जागी उभं राहिलं. घरं ओळीनं, नंबरानं मिळाली. जो शेजारी होता तो पार पलीकडच्या टोकाला गेला. घर पक्कं मिळालं याचं वडिलांना समाधान होतं, पण नव्या गावातल्या पहिल्या पोळ्याला बैल घेऊन ते कितीतरी वेळ रस्त्यावर नुसते उभे राहिले, कारण कुणाच्या मागं उभं राहायचं तेच कळेना. मी लहान होते, त्यांच्या शेजारी उभी होते. माणसाला आपली जागा कुठली हे कळलं नाही तर तो कसा दिसतो ते मी तेव्हा पाहून ठेवलंय.

तर मशीनचं अ‍ॅड्रेस बुक माझ्याकडं आलं ते असं. कुणी नेमलं नाही, पगारात एक रुपया वाढला नाही, पण काम माझं झालं. मी त्याला नियम घातले. लेखी आदेश निघाल्याशिवाय कुणाचा नंबर हलवायचा नाही. कुणी निवृत्त झालं तर शाल-नारळ देऊन ते जिना उतरेपर्यंत नाव काढायचं नाही. नाव काढलं की नंबर रिकामा ठेवायचा नाही, मागच्यांनी एकेक पुढं सरकायचं. हळूहळू हाच क्रम कार्यालयात सगळीकडं चालू झाला. चहा त्याच क्रमानं फिरू लागला. कुणाच्या घरी काही चांगलं झालं तर पेढेही त्याच क्रमानं. माणसं एकमेकांना नंबरानं ओळखू लागली. "हे दोन नंबरला पाठव," असं म्हटलं की सचिवांना जायचं ते.

या सरकवासरकवीत एक किचकट गोष्ट होती. आमच्या मशीनमध्ये एका नंबरावर दोन नावं बसत नाहीत. दोघांची अदलाबदल करायची तर दोन्ही नावं पुसायची आणि नव्यानं भरायची. आणि नाव पुसलं की ते गटातूनही जातं. आमचा एक गट होता, 'सर्व'. त्या एका बटणावर सगळ्या कार्यालयाला आणि सगळ्या शाळांना एकदम मेल जायची. नाव नव्यानं भरलं की गटात जाऊन त्याच्यापुढं पुन्हा बरोबरची खूण करावी लागते. नाही केली तर माणूस यादीत दिसतो, पण त्याला मेल जात नाही. हे मेकॅनिकनं सांगितलं नव्हतं. दोनदा बोलणी खाऊन मी शिकले होते.

आणि मी ते तिला शिकवलं.

ती माझ्या शेजारच्या टेबलावरची. माकणीकडची, माझ्यापेक्षा वयानं बरीच लहान, माझ्यानंतर काही वर्षांनी हंगामी म्हणूनच लागलेली. आली तेव्हा कॉम्प्युटर सुरू कसा करायचा हेही विचारायची. मी शिकवलं. पत्र कसं लिहायचं, मामांचा मूड कधी असतो, सचिव फोनवर कानडीत बोलत असले की आत जायचं नाही, सगळं शिकवलं. ती मला ताई म्हणायची, आणि सख्ख्या बहिणीच्या वरताण जीव लावायची. मी उपवासाचं विसरले तर तिच्या डब्यात माझ्यासाठी भगर असायची.

तिच्या पोटात दुखायला लागलं ते कार्यालयातच, नववा महिना भरत आलेला. नवरा शेतात, फोन लागेना. मी तिला धरून जिना उतरवला, खाली दुकानासमोर माल उतरवून उभी असलेली जीप थांबवली आणि दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. सासरचं माणूस पोचेपर्यंत ती पोर माझ्याच हातात होती. दुसऱ्या दिवशी कार्यालयात आले तर मशीन पासवर्ड बदला म्हणून हटून बसलेलं. मी त्या पोरीची जन्मतारीख टाकली. डोक्यात दुसरं काही नव्हतंच. नंतर तिला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पासवर्ड आम्हा दोघींनाच ठाऊक. मी नसले की मशीन तीच बघायची.

चार नंबरचे वरिष्ठ लिपिक निवृत्त झाले. शाल-नारळ झाला, ते जिना उतरले, मी नाव काढलं आणि नियमाप्रमाणे सगळ्यांना एकेक पुढं सरकवलं. मी चार नंबरला आले, ती पाचला. मामा पडदा बघून म्हणाले, "आता चार नंबर तुमचा. जागा बी तुमचीच, आदेशाचं तेवढं व्हायचंय."

जागा एकच होती. कायम जागा. आम्ही दोघी हंगामी, दर वर्षी उन्हाळ्यात काढायचं आणि शाळा उघडताना पुन्हा घ्यायचं अशा. माझं अर्धं आयुष्य असं काढण्या-घेण्यात गेलं. यापुढची जागा रिकामी होणार मामा निवृत्त झाल्यावर, आणि तोवर मी वयात बसणार नव्हते. म्हणजे आता नाहीतर कधीच नाही, हे मला ठाऊक होतं, मामांना ठाऊक होतं आणि तिला तर पाठ होतं, कारण रोज डबा खाताना मी दुसरं बोलतच नव्हते.

"ताई, पहिलं तुमचं," ती म्हणायची. "मी अर्ज बी करत न्हाय. माझं काय, मी अजून लई वर्षं हाय."

अर्ज माझा मी लिहिला, शुद्धलेखन तिनं तपासलं.

एका शनिवारी मी सुट्टी घेतली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन सोलापूरला होतं. कार्यालयात ती आणि शिपाई, आणि दुपारी संस्थेच्या कार्यकारिणीची सभा. सभा नेहमीचीच म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. आईच्या डोळ्यावर पट्टी बांधून, तिला हाताला धरून परत आणलं आणि सोमवारी कामावर आले.

मामा म्हणाले, "परिपत्रक वाचलं का? सगळ्या शाळांकडनं माहिती मागवायचीय. सकाळी सर्वला पाठवलं म्या."

मी मेल उघडली. काहीच नाही. तिला विचारलं, तुला आलं का? आलं म्हणाली. सास्तूरला फोन केला, तिथंही पोचलं होतं. फक्त मलाच नाही. वाटलं, मशीनचं काही बिनसलं असेल. कॉम्प्युटरवरून मशीनचं पान उघडलं, पोरीची जन्मतारीख टाकली, यादी समोर आली.

एक अध्यक्ष. दोन सचिव. तीन मामा. चार नंबरला तिचं नाव. पाचला माझं.

खरं सांगते, पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. मग 'सर्व' गट उघडला. तिच्या नावापुढं खूण होती, माझ्या नावापुढं नव्हती. मग सगळं एकदमच कळलं. अदलाबदल करायला दोन्ही नावं पुसली होती, दोन्ही नव्यानं भरली होती, आणि गटात परत जाऊन खूण करताना स्वतःची तेवढी आठवणीनं केली होती.

मशीन एखादं नाव गाळू शकतं. विजेच्या लपंडावात सगळी यादीसुद्धा खाऊ शकतं. पण दोघींची जागा बदलून त्यातल्या एकीच्याच नावापुढं खूण करायचं मशीनला सुचत नाही. आणि आदेश निघाल्याशिवाय नंबर हलत नाही हा नियम मीच तिला शिकवला होता. म्हणजे आदेश निघाला होता, निदान ठरला तरी होता. शनिवारी, मी नसताना. तिला तो कागद हातात पडेपर्यंतसुद्धा धीर धरवला नव्हता. सभा उठल्यावर कधीतरी मशीनचं पान उघडून तिनं आपलं नाव माझ्या नावाच्या वर नेऊन ठेवलं, आणि त्यासाठी तिला स्वतःच्या पोरीची जन्मतारीख टाइप करावी लागली. ती टाकताना तिचा हात क्षणभर तरी अडखळला का, हे मला अजून विचारायचंय.

मला राग यायला हवा होता. आला नाही, तेव्हा नाही आला. मी शेजारच्या टेबलाकडं बघितलं. ती टपालावर शिक्के मारत होती, नेहमीसारखी, दर शिक्क्याला ओठ दाबून.

जेवायच्या सुट्टीत आम्ही जिन्यात बसलो. ती धपाटे घेऊन आली होती, माझ्या आवडीचे, तीळ घातलेले. मी एक घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "शनिवारी मशीननं काही त्रास दिला का गं?"

"न्हाय ताई," ती म्हणाली. "कागद अडकला होता जरा. काढला म्या. आईचा डोळा कसा हाय?"

मी आईचा डोळा सांगितला. पट्टी कधी काढणार ते सांगितलं, थेंब किती वेळा घालायचे ते सांगितलं. तिनं सगळं मन लावून ऐकलं. आईसाठी दोन धपाटे वेगळे बांधून दिले. मी ते घेतले. अजूनही स्वतःचा राग येतो तो त्या धपाट्यांवरून.

मी नंबर पुन्हा बदलू शकले असते. दोन मिनिटांचं काम. पासवर्ड बदलून तिला कायमची बाहेर ठेवू शकले असते. त्यातलं काही केलं नाही, कारण मनात एक वेडी आशा होती की ती सांगेल. आज ना उद्या सांगेल. म्हणेल, ताई, असं असं झालं, मला मोह झाला. मी चिडले असते, चार दिवस अबोला धरला असता, पण ऐकून घेतलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला आणखी एक वाट करून दिली. चहा पिताना म्हटलं, "जागेचं काय कानावर आलं का गं?"

"न्हाय ओ," ती कप खाली ठेवत म्हणाली. "आलं तर पहिलं तुमालाच सांगणार की."

इतकं सरळ तोंड करून म्हणाली की मलाच क्षणभर वाटलं, माझंच काही चुकत असेल. मी टेबलाशी जाऊन यादी पुन्हा उघडून बघितली. चार ती. पाच मी.

बुधवारी सचिवांनी मला आत बोलावलं. सचिवांचं गावात कापडाचं दुकान आहे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज मऊ. समोर सही केलेला कागद होता.

"या बाई, बसा," ते म्हणाले. "पुण्याला कधी निघायचं मग?"

"कुठल्या पुण्याला?"

"तुमच्या भावाकडं. कायमचं चाललाय म्हणं. आधी सांगायचं न्हवं का आमाला. इतक्या वर्षांचं माणूस, निरोप बी नीट दिला असता."

"कोण म्हणलं मी चाललेय?"

"तुमचीच की. शनिवारी सभेच्या आधी येऊन सांगितलं बगा. डोळ्याला पाणी होतं तिच्या. म्हणली, ताईंना विचारू नका, त्यांना न्हाय म्हणायची लाज वाटती, उगं अर्ज करून बसल्यात. मग आमी तिचाच अर्ज लिहून घेतला."

मला आठवलं. मे महिन्यातली दुपार, वीज गेलेली, हंगामी म्हणून घरी बसायचं पत्र आम्हा दोघींनाही नुकतंच मिळालेलं. जिन्यात बसून मी तिला म्हणाले होते, "वाटतं उठावं आणि भावाकडं पुण्याला जाऊन पडावं." असं कोण म्हणत नाही? भावाच्या दोन खोल्यांत मी दिवाळीलासुद्धा मुक्काम करत नाही, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. थकलेल्या माणसानं आपल्या माणसापाशी टाकलेला तो एक उसासा होता. तिनं तो जपून ठेवला आणि बरोबर वेळेला सचिवांसमोर काढला.

"मी कुठंही जात नाही," मी म्हणाले. "मला ही जागा पाहिजे होती. तुमच्या दारापासून माझं टेबल दहा पावलांवर आहे. हाक मारून विचारलं असतं तरी चाललं असतं."

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आता ठराव झालाय बाई," ते म्हणाले. "अध्यक्षांची सही बी झाली. आमाला काय माहीत." मग कागद माझ्याकडं सरकवला, आणि सवयीनं म्हणाले, "एवढं स्कॅन करून सर्वला पाठवून द्या."

माणूस वाईट नाही. पण चूक कळल्यावर ती निस्तरायची म्हणजे पुन्हा सभा, पुन्हा ठराव, अध्यक्षांपुढं पुन्हा तोंड. त्यापेक्षा माझं एक आयुष्य गिळणं सोपं, हे त्यांनी चष्मा पुसता पुसता ठरवलं. त्यांच्यावरही माझा राग आहे, पण तो वेगळ्या जातीचा. त्यांनी कधी माझ्यासाठी भगर आणली नव्हती.

कागद घेऊन मी बाहेर आले. मामांनी माझ्या हातातला आदेश बघितला, वाचला आणि खिडकीबाहेर बघू लागले. मी आधी माझ्या टेबलाशी गेले, मशीनचं पान उघडलं, गटात जाऊन माझ्या नावापुढं खूण केली. नंबर पाचच ठेवला. आता आदेश निघाला होता, नियमाप्रमाणे पाचच बरोबर होता. मग कागद काचेवर ठेवला आणि 'सर्व'वर बोट ठेवलं. दिव्याची पट्टी एकदा कागदाखालून गेली. टेबलाशी परत येईपर्यंत तो माझ्याच मेलमध्ये येऊन पडलेला होता. वरिष्ठ लिपिक या पदावर कायम नेमणूक, आणि पुढं तिचं नाव.

ती त्या दिवशी लवकर घरी गेली. पोरीला ताप आहे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेढ्यांचा पुडा घेऊन आली. भूमकडचे खव्याचे पेढे, पुड्याच्या कागदाला तुपाचे डाग पडलेले. नवी साडी नेसली होती. पुडा सोडला आणि सरळ माझ्याकडं आली. सचिव आत होते, मामा समोर होते, तरी माझ्याकडं आली. एक पेढा उचलून पुढं केला. डोळे माझ्याकडं नव्हते, टेबलावर होते.

"पहिला तुमाला, ताई," ती म्हणाली.

मी हात पुढं केला नाही.

"क्रमानं वाट," मी म्हणाले. "अध्यक्ष नाहीत, त्यांचा बाजूला काढ. मग सचिव, मग मामा. चार नंबर तू. तू खा. पाचवी मी आहे, तेव्हा माझ्याकडं ये."

तिचा हात तसाच राहिला. बोटांत पेढा दबला. यादीत मला काय दिसलं असेल हे तिला तेव्हा कळलं असावं, कारण तिनं मान वळवून मशीनकडं बघितलं.

"कधी कळलं तुमाला?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"सोमवारी. मामांचं परिपत्रक मला आलं नाही. माझ्या नावापुढं खूण करायची राहिली तुझी."

"मग तवाच का बोलला न्हाय?"

"तू सांगशील म्हणून."

ती पुडा घेऊन सचिवांच्या खोलीत गेली, बाहेर आली, मामांपुढं पुडा धरला. मामांनी पेढा घेतला आणि न खाता कागदात गुंडाळून खिशात ठेवला. मग ती आपल्या टेबलाशी थांबली. मी बघत होते. मला वाटलं, ती आता स्वतःला वगळून पुढं येईल. पण तिनं पुड्यातून एक पेढा उचलून तोंडात घातला. चावताना तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही.

मग ती माझ्याकडं आली. आमच्या कार्यालयात नंबर आला की पेढा नाकारायचा नसतो. तोही नियम माझाच. मी घेतला.